कॉरिडॉरच्या खोलीत नाशिकचे पाहुणे: स्कँडिनेव्हियात शिकताना मित्रांना बोलवायचं तर

नाशिकच्या घरात चार मित्र मुक्कामाला आले तर हॉलमध्ये गाद्या पडतात आणि सकाळी मिसळीला निघायचं ठरतं. लुंड, उप्साला, कोपनहेगन किंवा ट्रॉनहाइमच्या विद्यार्थी वसतिगृहात तसं जमत नाही. खोली साधारण अठरा-वीस चौरस मीटरची असते. स्वयंपाकघर आठ ते बारा जणांत एकच. त्यामुळे आलेला मित्र तुमच्या एकट्याचा पाहुणा नसतो, तो अख्ख्या कॉरिडॉरचा पाहुणा असतो. खालची बरीचशी तयारी याच एका कारणाने करावी लागते.

तारखा आधी, तिकिटं नंतर

पाहुणे 'तुला कधी सोयीचं?' असं विचारतात आणि आपण संकोचाने 'केव्हाही या' म्हणतो. तसं म्हणू नका. आधी परीक्षांचं वेळापत्रक उघडा. स्वीडनमध्ये शरद सत्र ऑगस्टअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आणि वसंत सत्र तिथून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतं. नाताळच्या सुटीनंतर लगेच परीक्षा असतात, म्हणून 'सुटीत येतो' म्हणणारा पाहुणा नेमका अभ्यासाच्या दिवसांत येऊन थडकतो.

दिवस मोठा, हवा बरी आणि गर्दी बेताची हवी असेल तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, नाहीतर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. मिडसमर या उन्हाळ्याच्या मोठ्या सणाचा शुक्रवार १९ ते २५ जूनच्या दरम्यान येतो. त्या दिवशी स्वीडन जवळजवळ बंद असतं, दुकानं लवकर मिटतात आणि शहरं ओस पडतात. नॉर्वेत रविवारी मोठी किराणा दुकानं बंदच असतात, तेव्हा पाहुणे शनिवारी रात्री उतरणार असतील तर दूध-ब्रेड-अंडी आधीच भरून ठेवा.

मुक्काम पाच ते सात रात्रींचा ठरवा. एका खोलीत दोन पाहुणे आठवडाभर निभावतात. तिसरा आला की त्याच्यासाठी वेगळी जागा शोधा.

व्हिसा: नाशिकहून काय जमवायचं

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, या तिन्ही देशांना तोच लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत ताणतात. अपॉइंटमेंट मिळण्यात आणि पासपोर्टच्या ये-जा करण्यात जाणारा वेळ वेगळा. म्हणून अडीच ते तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांना जून २०२४ पासून ९० युरो फी आहे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. नाशिककरांची ती खेप बहुतेक वेळा मुंबईलाच पडते, त्या दिवशी दुसरं काम लावू नका.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. सहा रात्री स्वीडन, दोन डेन्मार्क, दोन नॉर्वे असेल तर स्वीडनकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल पडणार तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज केला आणि बुकिंग दुसरंच सांगत असलं, तर नकाराला आयतं कारण मिळतं.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि आजारपणाबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा. पैशांच्या बाबतीत स्वीडन माणशी दिवसाला ४५० स्वीडिश क्रोना आणि नॉर्वे ५०० नॉर्वेजियन क्रोनं हा अंदाज धरतं.

यजमान म्हणून तुमचं काम निमंत्रण देणं. स्वीडनसाठी तिथल्या स्थलांतर खात्याचा निमंत्रणाचा छापील अर्ज भरा, त्याला करखात्याकडून मिळणारा आपल्या नोंदणीचा दाखला जोडा आणि सही केलेली प्रत पाठवा. निमंत्रणात 'सगळा खर्च मी करीन' असं उदारपणे लिहू नका. तसं लिहिलं की तुमच्या खात्यात तेवढा पैसा दिसायला हवा, आणि विद्यार्थ्याच्या खात्यात तो नसतो. 'राहण्याची सोय माझ्याकडे, बाकी खर्च पाहुण्याचा' असं स्पष्ट लिहा. तेच खरं असतं आणि तेच पटतं.

नाशिक जिल्ह्यातल्या अर्जांत एक अडचण वारंवार येते. घर द्राक्षाचं किंवा कांद्याचं असेल तर उत्पन्न वर्षभर सारखं येत नाही. निफाड किंवा दिंडोरीच्या बागाईतदाराच्या मुलाचं स्टेटमेंट पाहिलं तर आठ महिने खातं कोरडं आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम. व्हिसा अधिकाऱ्याला त्यात उसने आणून ठेवलेले पैसे दिसतात. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त असल्याने रिटर्नवरूनही उलगडा होत नाही. अशा वेळी सातबारा आणि आठ-अचा इंग्रजी अनुवाद, व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या, आणि 'हा माल अमुक तारखेला गेला, हे पैसे त्याचे' असं सांगणारं एका पानाचं पत्र जोडा. पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली नोंद एकमेकींशी जुळवून, पेनाने खूण करून द्या. नोकरदार मित्राचं सोपं आहे: रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, रिटर्न.

आणखी एक. शेंगेनमध्ये प्रवेशाची तपासणी पहिल्या विमानतळावर होते. फ्रँकफर्टला विमान बदलून स्टॉकहोमला येणाऱ्याची ती फ्रँकफर्टला होईल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या पद्धतीत शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे रांगा लांबतात. विमान बदलायला दोन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ देऊ नका. निमंत्रण, तुमचा पत्ता आणि फोन, परतीचं तिकीट हे कागदावर छापलेलं हातातल्या बॅगेत असू द्या. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

युरोपीय संघात, म्हणजे स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये, बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. नॉर्वेचा नियमही जवळपास तसाच. आईने दिलेलं साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर, सगळं घरीच ठेवायचं. तुपातल्या लाडवांवरूनही वाद होऊ शकतो, तेही टाळा. ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. थोडक्यात, मार्चमध्ये येणाऱ्याने द्राक्षांची पेटी आणू नये आणि मेमध्ये येणाऱ्याने हापूस. ताजा कढीपत्ताही यातच येतो, त्याऐवजी वाळवलेला आणावा.

मग मागवायचं काय? नाशिकचा चिवडा, मनुका, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, पापड, कुरडया, तेलातलं फरसाण. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात, त्या आणू नयेत. खोबऱ्याचा कीस तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात बेकिंगच्या फळीवर मिळतो. वेलदोडे तर मुळीच नकोत, कारण स्वीडिश लोक बन-पावात भरभरून वेलची घालतात आणि भरड वेलची जागोजागी असते. लोणचं चेक-इन बॅगेत, तेही बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून दोन पिशव्यांत.

नाशिकची वाइन कॉरिडॉरच्या मित्रांना चाखवायची असेल तर स्वीडनमध्ये ती आणणाऱ्याचं वय २० पूर्ण हवं. युरोपीय संघाबाहेरून माणशी ४ लिटर साध्या वाइनची मुभा आहे. नॉर्वेची मर्यादा याहून कमी.

विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. आपली तीन पिनांची जाड प्लग मात्र तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. एक अडॅप्टर आणि नाशिकहूनच आणलेली एक एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यात तिघांचे फोन चार्ज होतात.

बॅग भरायच्या आधी ग्रुपवर टाकायला एक मेसेज तयार ठेवा:

'भावांनो, तूप-पेढे-फळं आणू नका, कस्टमवाले फेकून देतील. चिवडा दोन किलो, काळा मसाला अर्धा किलो, कुरडया. प्रत्येकाने स्वतःचा टॉवेल आणि घरात घालायच्या चपला. डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधं मूळ पाकिटात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या. यूपीआयवर विसंबू नका.'

खोली

पाहुणे यायच्या तीन आठवडे आधी भाडेकरार वाचा. थोड्या दिवसांचा पाहुणा बहुतेक ठिकाणी चालतो, पण किती रात्री, आधी कळवावं लागतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. पाहुण्याकडून भाडं घेणं हा वेगळा विषय आहे, ते पोटभाडं ठरतं आणि त्याला परवानगी लागते. पुष्कळ वसतिगृहांत भाड्याने मिळणारी पाहुण्यांची खोली असते. हॉटेलच्या मानाने ती फारच स्वस्त पडते आणि म्हणूनच लवकर भरते. काकाकाकू येणार असतील तर पहिला प्रयत्न तिचाच करा. साठीच्या माणसाला जमिनीवरच्या हवेच्या गादीवरून रात्री उठणं सोपं नसतं.

हवेच्या गादीखाली काहीतरी अंथरा, घोंगडी किंवा योगा मॅट. फरशीचा गारवा हवेतून वर येतो आणि वरून कितीही पांघरलं तरी पाठ गारठते. गादी पहिल्या रात्री थोडी बसते, ते भोक नसतं. झोपण्यापूर्वी पुन्हा हवा भरावी लागते एवढंच. गादी दाराच्या आड येऊ देऊ नका, आणि बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवू नका. तो आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता आहे, तिथलं सामान बिनदिक्कत उचलून नेतात.

बाथरूमबद्दल पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. हँडशॉवर असतोच असं नाही, म्हणून एक मग किंवा दाबायची बाटली आणून ठेवा. आंघोळीनंतर फरशीवरचं पाणी रबरी पट्टीने जाळीकडे ओढायचं. ते राहिलं तर दोन दिवसांत कुबट वास सुटतो आणि ओल खाली झिरपली तर भरपाई तुमच्या गळ्यात पडते.

दाराचा इलेक्ट्रॉनिक टॅग एकच असतो. तुम्ही वर्गात आणि पाहुणे बाहेर थंडीत, असं व्हायला नको. जादा टॅग मिळत नसेल तर रोजची ठरलेली वेळ ठेवा आणि शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पत्ता देऊन ठेवा. तिथे ऊब आहे, वायफाय आहे, स्वच्छतागृह आहे आणि ओळखपत्र कुणी विचारत नाही.

कपडे धुण्याची खोली वेळ लावून घ्यावी लागते. पाहुणे उतरायच्या तिसऱ्या दिवसाची वेळ आधीच लावा. ठरलेल्या मिनिटाला मशीन रिकामं करा, ड्रायरची जाळी साफ करा. या देशांत शेजाऱ्यांची भांडणं बऱ्याचदा याच खोलीत होतात.

स्वयंपाकघर आणि फोडणी

पाहुणे यायच्या आठवडाभर आधी कॉरिडॉरच्या ग्रुपवर कळवा: कोण येणार, किती दिवस, आणि कोणत्या संध्याकाळी स्वयंपाकघर दोन तास लागेल. सोबत सगळ्यांना जेवायचं आमंत्रण द्या. न सांगता सहा माणसं ओट्याशी उभी राहिली तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी दिसेल.

मिरचीची फोडणी हा खरा धोका. धूर जाणवला की अलार्म वाजतो, आणि पुष्कळ इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. गाडी आली की खोट्या अलार्मचं बिल येऊ शकतं. म्हणून: कॉरिडॉरचं दार बंद, एक्झॉस्ट पूर्ण वेगात, खिडकी उघडी, मग तेल. तिखट तेलात टाकताना भांडं आचेवरून बाजूला घ्या. जुन्या वसतिगृहांत लोखंडी तव्यांच्या विजेच्या शेगड्या असतात. त्या तापायला चार-पाच मिनिटं घेतात आणि बंद केल्यावरही तितकाच वेळ धगधगत राहतात. गॅसच्या सवयीने नुसतं बटण फिरवून फोडणी वाचत नाही, भांडंच उचलावं लागतं. इंडक्शन असेल तर आपली ॲल्युमिनियमची कढई चालणार नाही, सपाट बुडाचं लोखंडी भांडं लागेल.

सहा जणांची मिसळ करायची तर मटकी ३०० ग्रॅम. ती तिथल्या आशियाई दुकानात मिळते. दहा तास भिजवून, निथळून, फडक्यात बांधा. थंड खोलीत दोन दिवसांतही मोड फुटत नाहीत. ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून पुरचुंडी आत ठेवली की साधारण एका दिवसात मोड येतात. ओव्हनच्या दारावर ठळक चिठ्ठी लावा: 'पेटवू नका, आत जेवण आहे.' चिठ्ठी नसली तर कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवतो आणि मटकी फडक्यासकट भाजते. रश्श्याला तीन मध्यम कांदे, ६० ग्रॅम खोबऱ्याचा कीस, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, अर्धी वाटी तेल, तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला आणि एक चमचा काळा मसाला. कीस बारीक असतो आणि क्षणात करपतो, म्हणून कांदा तांबूस झाल्यावर शेवटी घाला. कॉरिडॉरच्या मंडळींसाठी कट वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला झेपेल तो घेईल. पाव घेताना पाकीट वाचा, कारण स्वीडिश ब्रेड पुष्कळदा गोड असतो. बेकरीतले साधे गोल पाव चांगले लागतात.

तूप तिथेच कढवा. लोणी घेताना 'ओसाल्टाट' म्हणजे बिनमिठाचं आहे ना ते पाहा, कारण फळीवर मिठाचंच जास्त असतं आणि त्याचं तूप खारट होतं. ५०० ग्रॅम लोण्याचं साधारण ४०० ग्रॅम तूप निघतं. 'फिलमेल्क' नावाचं पातळ आंबट दूध पाण्यात घुसळलं की ताक, आणि कढीलाही उत्तम. दहा टक्के स्निग्धांशाचं टर्किश दही सहा तास फ्रिजमध्ये टांगलं की श्रीखंडाचा चक्का तयार.

पाणी नळाचंच प्या, फक्त थंड नळाचं. बाटल्यांवर पैसे घालवू नका. रिकाम्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकले की ठेव परत मिळते. डेन्मार्कमध्ये बाटलीवर ए, बी किंवा सी अक्षर असतं आणि त्याप्रमाणे १, १.५० किंवा ३ क्रोनर मिळतात.

पैसे आणि येणं-जाणं

रोख रकमेचं काम फार थोडं. स्वीडनमध्ये लोक स्विश या मोबाइल ॲपने पैसे देतात, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं. म्हणजे आठवडी बाजारातल्या टपरीवर पाहुण्याचे पैसे तुम्ही भरणार. हे पैसे कुठे लिहायचे ते पहिल्या दिवशी ठरवा आणि रोज रात्री हिशोब टाका. शेवटच्या दिवशी मैत्रीत हिशोब काढणं दोघांनाही जड जातं. कार्ड मशीनने 'रुपयांत की क्रोनांत?' विचारलं तर क्रोनाच निवडायला सांगा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

ओस्लो विमानतळावरून शहरात यायला फ्लुटोगेट ही खास गाडी १९ मिनिटं घेते. व्यु कंपनीची साधी रेल्वे त्याच मार्गाने चारेक मिनिटं जास्त घेऊन येते आणि तिकीट जवळपास निम्म्यावर येतं. स्टॉकहोममध्ये आर्लांडाहून बसने मेर्श्टा आणि तिथून लोकल हा स्वस्त मार्ग. कोपनहेगनला मेट्रो चोवीस तास असते. कोपनहेगनला उतरून माल्मो-लुंडला येणाऱ्यांनी पासपोर्ट हातात ठेवावा, दोन देशांमधल्या समुद्रावरच्या पुलापलीकडे स्वीडिश तपासणी होते.

फिरायला तुम्ही रोज सोबत जाऊ नका. दोन दिवस पूर्ण द्या, बाकीचे दिवस त्यांना नकाशा आणि पास देऊन सोडा. स्टॉकहोमच्या मेट्रोत शंभर स्थानकं आहेत आणि नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती. एका पासावर अर्धा दिवस मजेत जातो, आणि तोच पास युरगोर्डेन बेटाच्या फेरीबोटीलाही चालतो. तिथे १६२८ साली बुडालेलं आणि १९६१ साली वर काढलेलं वासा जहाज आहे, त्याचं तिकीट मात्र द्यावंच लागतं आणि ते वसूल होतं. ओस्लोत ऑपेरा हाउसच्या छतावर चालणं आणि बागेतली शिल्पकार विगेलँडची शिल्पं, दोन्ही फुकट.

उत्तर प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशातले 'नॉर्दर्न लाइट्स', स्टॉकहोमच्या खिडकीतून दिसेल असं समजून बरेच जण येतात. त्यासाठी पार उत्तरेकडचं किरुना, आबिस्को किंवा ट्रॉम्सो गाठावं लागतं, सप्टेंबर ते मार्च, आणि आकाश निरभ्र हवं. तीन रात्री तरी हातात ठेवा आणि 'दिसेलच' असं वचन देऊ नका.

थंडी आणि आजारपण

निफाडचा पारा पाचाखाली जातो तेव्हा पहाटे गारठा असतो आणि दुपारी ऊन पडतं. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस सहाच तासांचा, तीनच्या आत सूर्य मावळतो. अंगालगत लोकरीचा पातळ थर, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने ओला होतो आणि मग गारठवतो. बूट एक नंबर मोठे, जाड मोजे मावतील असे. बर्फ वितळून पुन्हा गोठला की फुटपाथ काचेसारखा होतो. बुटाला अडकवायचे खिळे प्रत्येकासाठी एक जोडी घ्याच, मनगट मोडण्यापेक्षा ते स्वस्त. जॅकेट नाशिकहून महाग घेऊन येऊ नका, जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली मिळतात. जूनमध्ये उलटा प्रश्न: पहाटे साडेतीनला उजाडतं, डोळ्यांवर बांधायला पट्टी द्या.

तातडीला स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ११२. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३, पोलिसांना ११२, आगीला ११०. साध्या दुखण्याच्या सल्ल्याला स्वीडनमध्ये ११७७. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सर्दी-तापाला डॉक्टर बहुधा 'घरी आराम करा' एवढंच सांगतात. पाहुण्यांच्या विमा पॉलिसीचा नंबर तुमच्याही फोनमध्ये ठेवा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा तोला, पत्र्याच्या डब्यांतल्या बिस्किटांनी वजन नकळत वाढतं. पाहुणे गेल्यावर बाथरूमच्या जाळीतले केस काढा, फ्रिजमधले मसाल्याचे डबे आपल्या खोलीत न्या, एक्झॉस्टची जाळी काढून गरम पाण्यात साबणाने धुवा, कारण तिच्यात आठवडाभराचं तेल बसलेलं असतं. उरलेला चिवडा वाडग्यात काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवा, शेजारी एक चमचा आणि शेंगदाणे असल्याची चिठ्ठी. कॉरिडॉरमध्ये कुणाला तरी शेंगदाण्यांची ॲलर्जी असू शकते.